प्रीमियम हाकलेन्री?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा ओळखतही असाल. सीमाभागातल्या आमच्या येळ्ळूरच्या बाजूचे असाल, तर माझा पेट्रोल पंपाचा किस्सा कधीतरी कानावर आलाच असेल. तो किस्सा विसरून जा. त्यात मी शहाणा ठरतो.

मी मुळात संशयी माणूस. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणारा, दूध बोटावर घेऊन बघणारा. पंपावर मी गाडीत बसून राहत नाही. उतरतो, मशीनसमोर उभा राहतो, आकडा शून्यावर आलाय का ते बघतो, आणि नळी टाकीतून निघेपर्यंत नजर हलवत नाही. बायको म्हणते, पेट्रोल भरायला जाताय की चोर पकडायला? म्हणू दे. फाउंड्रीत जन्मभर सुपरवायझरकी केल्यावर कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

आणि ते प्रीमियम पेट्रोल — त्याच्याविषयी तर मला पहिल्यापासून शंका. वास तोच, दर मात्र चढा. जमिनीखाली टाक्या खरंच दोन आहेत की एकच, हे कुणी उतरून बघितलंय? माझ्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात साधं पेट्रोल चालतं असं स्वच्छ छापलंय. मग त्या महागड्या नळीतून जास्तीचं येतं तरी काय? गावातली पोरं नवी गाडी घेतली की मला विचारायला येतात, काका, साधं घालू की प्रीमियम? मी सांगतो, साधं घाल, आणि खाली उतरून उभा राहा. नाहीतर न विचारता प्रीमियम घालतात. माझ्याच बाबतीत झालंय.

माझ्याच बाबतीत झालंय — हे वाक्य मी किती ठिकाणी म्हटलं असेल? लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या दुकानात, फाउंड्रीच्या गेटवर. ते खोटं आहे. मला विचारलं होतं.

आधी अण्णाविषयी सांगायला हवं. अण्णा माझा थोरला भाऊ. सीमालढ्यात तरुणपणी लाठ्या खाल्लेला, आणि तेव्हापासून तोंडातून कन्नडचा शब्द न काढलेला. बँकेत, तहसीलदार कचेरीत, बसमध्ये — मराठीच. गाव त्याला मानायचं. मी त्याचा भाऊ, म्हणजे मीही तसाच, असं गावानं धरून टाकलं, आणि मीही धरू दिलं. खरं काय होतं? फाउंड्रीत माझ्या हाताखालची निम्मी माणसं कन्नड बोलणारी. दिवसभर मी त्यांच्याशी कन्नडच बोलायचो. काम सांगायचं कन्नडमध्ये, थट्टा कन्नडमध्ये, शिव्यासुद्धा. संध्याकाळी गावच्या वेशीत शिरलो, की मला कन्नड येत नसे. यात कुणाचं काय बिघडतंय, असं मला वाटायचं.

मग अण्णाच्या मुलीची सोयरीक निपाणीत जमली. साखरपुड्याला आम्ही माझ्याच गाडीतून निघालो. अण्णा माझ्या शेजारी पुढं, बायका मागच्या सीटवर, बाकीची मंडळी टेम्पोत. निपाणीच्या अलीकडं हायवेला एक पंप आहे. तिथं मुलाचे मामा आम्हाला घर दाखवायला येऊन थांबले होते. त्यांची गाडी मोठी, कोरी, आणि शेजारच्या मशीनवर तिच्यात पेट्रोल भरणं चाललेलं. प्रीमियम. ते मी उतरता उतरताच बघितलं. असल्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

आमच्या मशीनवर एक मुलगी होती. विशी-बाविशीची असेल. तिनं झाकण उघडलं आणि विचारलं, "प्रीमियम हाकलेन्री?" म्हणजे, प्रीमियम घालू का? कन्नडमध्ये 'घाल'ला 'हाकु' म्हणतात. लहानपणी आम्ही या शब्दाला हसायचो, आम्हाला म्हशी हाकलणं आठवायचं. पण अर्थ? अर्थ मला तुमच्याइतकाच, नाही — तिच्याइतकाच कळत होता.

एरवी मी काय म्हणालो असतो? साधं. मराठीतून, आणि ठणकावून. पण मामा बघत होते. आम्ही मुलीकडचे — पहिल्याच दिवशी त्यांच्या समोर साधं म्हणायचं? आणि मोठ्यानं प्रीमियम म्हणावं, तर गाडीत अण्णा. त्याला असला दिखावा अजिबात खपायचा नाही. म्हणून मी तिच्याजवळ सरकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "हाक्री." घाला. सवयीनं तोंडातून तसंच आलं.

तिनं मान हलवली आणि नळी उचलली. तिचं काय चुकलं? मी इतकी वर्षं शोधतोय. काही सापडत नाही.

टाकी भरत आली तेव्हा अण्णानं खिडकीतून मशीनकडं बघितलं. "प्रीमियम कशाला रं?" आवाज त्याचा नेहमीचाच, चार माणसांना ऐकू जाणारा. मामा वळून बघायला लागले. मी त्या वेळी काहीही म्हणू शकलो असतो. आज शुभ काम आहे म्हणून भरलं, असं म्हणालो असतो तरी सगळे हसले असते आणि आम्ही पुढं निघालो असतो.

मी म्हणालो, "मी न्हाय सांगितलं. हिनं इचारलंच न्हाय."

ती मुलगी माझ्याकडं बघतच राहिली. मग मराठीत बोलली, मोडकंतोडकं, माझ्यासाठी — "काका, आत्ता तुमीच म्हणालासा की. हाक्री म्हणून."

अण्णा गाडीतून उतरला. "माझा भाऊ हाक्री म्हणंल? त्याला कन्नड येत न्हाय." आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. अण्णा, मामा, मागच्या टेम्पोतून उतरलेली आमची मंडळी. मामा सोडले तर सगळी मला वर्षानुवर्षं ओळखणारी, माझ्या तोंडून कन्नडचं अक्षर न ऐकलेली.

"मला कन्नड येत न्हाय," मी म्हणालो.

झालं. पुढचं मला काही करावंच लागलं नाही. माझं खोटं गावानंच इतकी वर्षं उभं करून ठेवलं होतं, मी फक्त त्याच्या आड गेलो. कुणीतरी ओरडलं, मराठी माणसाला कन्नड कळत नाही म्हणून गळ्यात माल मारता काय? दुसरा म्हणाला, वर आणि खोटं बोलते. मॅनेजर पळत आला, त्यानं हात जोडले, साध्याचा दर लावतो म्हणाला. ती मुलगी एकच गोष्ट सांगत राहिली, आधी मराठीत, मग रडू यायला लागल्यावर कन्नडमध्ये — मी विचारलं, त्यांनी हो म्हटलं. मॅनेजरनं सगळ्यांसमोर तिला सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. तिनं खांद्यावरची पैशाची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. मी काय केलं? मी साध्याच्या दरानं पैसे दिले आणि गाडी चालू केली.

साखरपुडा छान झाला. मामांनी सगळ्यांना तो प्रकार रंगवून सांगितला, आणि मी मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होतो. किस्सा तिथंच तयार झाला.

त्यानंतर कधी निपाणीकडं गेलो, की त्या पंपाशी वेग कमी करायचो. मॅनेजरनं नुसतं आम्हाला दाखवायला तिला काढलं असेल, असा मला संशय होता. संशय कसला, आशा. ती पुन्हा कधी दिसली नाही. आणि दुसरा संशय अण्णाचा. मी 'हाक्री' म्हणालो तेव्हा त्याच्या बाजूची काच खाली होती का? मी आठवून आठवून थकलो. मी किस्सा सांगायला लागलो की तो तंबाखू मळत खाली बघायचा. ऐकायचा, पण हसायचा नाही. तो कधी म्हणाला, पेट्रोल भरून ये, तरी मला वाटायचं, हेच का म्हणाला? याला कळलंय. मग वाटायचं, कळलं तरी कळणार कसं? त्याला कुठं कन्नड येतं?

गेल्या वर्षी अण्णा दवाखान्यात होता. शेवटचंच आजारपण. एका दुपारी मी पाणी गरम करून आणायला बाहेर गेलो होतो, परत आलो तर दारातच थांबलो. आत नर्स त्याची सलाईन बदलत होती आणि अण्णा तिला म्हणत होता, "स्वल्प नीर कोडव्वा." थोडं पाणी दे बाई. उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ.

नर्स गेल्यावर त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. "खिडकी उघडी हुती रं," तो म्हणाला. "तू म्हटलास ते मी ऐकलं हुतं."

पुढचंही त्यानंच सांगितलं. "माणसं जमली हुती. तुला खोटं कसं पाडू?" मग त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. तेवढ्यात म्हणाला, "त्या पोरीचं नाव काय हुतं रं? पोराला निपाणीला धाडतो. तिला सांगाय पायजे."

आणि मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? दया नाही आली. संशय आला. हा आता पोराला सांगणार. पोरगा निपाणीत बहिणीच्या सासरी उतरणार. मामांना कळणार, तिथून गावाला कळणार. मरणाच्या दारात असलेला माझा भाऊ माझ्याकडं एक नाव मागत होता, आणि मी हिशेब करत होतो की कुणाकुणाला कळेल.

"म्हाईत न्हाय," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. पंपावर माझ्या बाजूनं बोलण्याआधी क्षणभर बघितलं असेल, तसंच. मग तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर तो माझ्याशी फारसं बोलला नाही, आणि थोड्याच दिवसांत गेला.

नाव मला माहीत होतं. तिच्या शर्टाच्या खिशावर लिहिलेलं होतं, फक्त कन्नडमध्ये. कन्नड मला वाचताही येतं. रेणुका.