हॉलबाहेरचा चंद्र

बॉल जाळीतून खाली आला की गॅलरीतले आईबाप टाळ्या वाजवायचे आणि हेर लॉरेन्त्स ओरडायचे, "त्सुरुक! मागे पळा! ते दोन गुण झाले, आता त्यांचा विचार दुसऱ्या संघाने करायचा!" जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये माझी मुलगी ईरा त्यांच्याकडे बास्केटबॉल शिकायची. पहिल्या दिवशी मी तिची माहिती सांगू लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. "हेर शिंदे, तिला पळता येतं? पळताना थांबता येतं? मग बाकीचं माझ्याकडे."

या देशात बास्केटबॉल खेळण्याचे पैसे घेणारे जे पहिले मोजके खेळाडू होते, त्यांतले ते एक. सकाळी कारखान्यात लेथवर उभं राहायचं, संध्याकाळी हॉलमध्ये सराव, शनिवारी बसने दुसऱ्या गावी मॅच. खेळाच्या पैशांचं पहिलं पाकीट घरी दाखवलं तेव्हा वडील म्हणाले होते, "परत करून ये. कोणाचं तरी चुकून तुला आलंय." हे ऐकून मला माझे वडील आठवले. बार्शीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. माझी नोकरी त्यांना कधीच नीट कळली नाही. "खुर्चीत बसायचा पगार देतात?" असं ते विचारायचे.

गुडघा गेल्यावर लॉरेन्त्स ट्रेनर झाले. मोठे संघ सांभाळले आणि संघ हरले की काढलेही गेले. "आता मला कोणी काढत नाही," ते म्हणायचे. "बारा वर्षांच्या मुली सांभाळायला दुसरं कोणी येतच नाही!"

ईरा घरी मराठीला जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि शाळेत कोणत्याच भाषेत बोलत नसे. लॉरेन्त्सनी तिला नेमकी खेळ चालवणाऱ्या मुलीची जागा दिली, जिथे सगळ्यांना सतत ओरडून सांगावं लागतं. "मोठ्याने बोल! म्हातारा आहे मी, ऐकू येत नाही," असं म्हणायचे. हे साफ खोटं होतं. गॅलरीत कुजबुजलेलंही त्यांना ऐकू यायचं. त्या वर्षी माझी मुलगी बोलायला लागली. हे उपकार मी विसरू शकत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. मे महिन्यात त्यांना एक्याऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि मुलींना त्यांचा वाढदिवस हॉलमध्ये करायचा होता. डॉक्टर मात्र मेबद्दल काहीच बोलेनात. "मग आधीच करून टाकू," मी पालकांच्या बैठकीत म्हणालो, तर सगळे नको नको म्हणू लागले. वाढदिवसाच्या शुभेच्छा इथे एक दिवसही आधी देत नाहीत, अपशकुन मानतात.

घरी येऊन आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "अरे, वाढदिवस कशाला पाहिजे? एक्याऐंशी भरायच्या आतच माणसाच्या हजार पुनवा होतात. सहस्रचंद्रदर्शन करा की त्यांचं. ओवाळायला सूनबाई आहे तिथं."

पालकांना ते लगेच पटलं. "आल्झो, म्हणजे हा वाढदिवस नाही ना?" एक आई पुन्हा पुन्हा विचारत होती.

हेर लॉरेन्त्स वाढदिवसापर्यंत राहिले नाहीत, पण एप्रिलची पौर्णिमा त्यांना मिळाली. आम्ही त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. शाळेच्या इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या हाउसमाइस्टरने हॉलमध्ये निरांजन लावू दिलं नाही, म्हणून माझ्या बायकोने त्यांना दाराबाहेर ओवाळलं. हजार चंद्र म्हणजे काय ते ईराने जर्मनमध्ये समजावून सांगितलं.

"हजार?" ते हसले. "ते उगवायचे तेव्हा मी हॉलच्या आत असायचो, मुली. माझी हेल्गा हॉलवर फोन करायची, बाहेर येऊन चंद्र बघ म्हणायची. मी म्हणायचो, मॅच आहे, पुढच्या महिन्यात बघू." हेल्गाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

शाळेच्या छपरामागून चंद्र वर आला. मुली थंडीने कुडकुडत होत्या.

"जा आत. सराव सुरू करा," ते म्हणाले.

मुली गेल्या. मी त्यांची खुर्ची दाराकडे वळवू लागलो, तेव्हा त्यांनी चाकावर हात ठेवला.

"मी नाही, हेर शिंदे. मी इथेच थांबतो."