गवताचं मशीन आणि भावोजींचा डोळा

भावोजी गेल्याचं ताईनेच फोनवर सांगितलं. मी ठाण्यात खोपटच्या घरून ऑफिसला निघायच्या घाईत होतो. "विनू, हे गेले रे. चहा घेतला, पेपर वाचला, आणि..." मग म्हणाली, "ये. सावकाश ये." डोंबिवलीला पोचेपर्यंत मला त्यांचं काहीच नीट आठवेना. आता महिना उलटून गेलाय, आणि आठवणी थांबत नाहीत.

भावोजींना एकच डोळा होता. उजवा लहानपणी विटीदांडूत गेला. ताईला ते सांगून आले तेव्हा आमच्या नातेवाइकांनी भरपूर फाटे फोडले. ताई म्हणाली, "एक आहे ना? मला बघायला पुरे!" आणि विषय संपला. लग्नानंतर तो डोळा जपायचा मक्ता मात्र तिने स्वतःकडे घेतला. रंगपंचमीला भावोजी घरात, दिवाळीत फटाके गॅलरीतून बघायचे, आणि फोडणी तडतडायला लागली की ताईच्या ओरडण्यासरशी स्वयंपाकघरातून बाहेर. ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फोरमन होते. शंभर माणसांवर आवाज चढवणारा हा गृहस्थ घरी मुकाट्याने ऐकायचा. बायकोचं ऐकण्यातही एक ऐट असते, असं ते मला सांगायचे.

ऐंशीच्या दशकात त्यांनी निवासी विभागात घर बांधलं. बंगला म्हणायचं आपलं, दोन खोल्या आणि व्हरांडा. पण अंगण ऐसपैस, आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर गवत. नव्वद उलटल्यावर मस्कतला असलेल्या त्यांच्या धाकट्या भावाने गवत कापायचं विजेचं मशीन आणलं. लांब दांडा, खाली भिरभिरणारी नायलॉनची दोरी. कॉलनीत असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. ताईने ते पाहिलं आणि सरळ माळ्यावर टाकायला सांगितलं. "खडा उडाला म्हणजे? दुसरा कुठून आणणार?" चार दिवस घरात अबोला. शेवटी तह झाला. अटी सगळ्या ताईच्या, अंमलबजावणी भावोजींची.

तो सोहळा बघण्यासारखा असायचा. आधी गवतात फिरून खडे, काचा, खिळे वेचायचे. मग जाड पँट, गमबूट आणि कारखान्यातला डोळे झाकणारा मोठा चष्मा. अंगणात चिटपाखरू नको. गवत ओलं असेल तर वायरला हातसुद्धा लावायचा नाही. कुंपणापलीकडून इथलेच जुने जमीनवाले पाटीलकाका ओरडायचे, "काय सायेब, लराईवर चाललाव काय?" भावोजी गंभीरपणे सलाम ठोकायचे. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू आणि झेंडूचा हार, त्या दिवशी गवताला सुट्टी.

मलाही त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला. मी दांडा घेऊन कुऱ्हाड चालवावी तसा गवतावर तुटून पडलो. "मेहुणे, कुस्ती नाही ही," ते म्हणाले. "दोरीचं नुसतं टोक लागू द्या. आधी वरचं गवत, मग खालचं. कमरेतून झुला." मी झुलता झुलता पेरूच्या रोपाशी पोचलो, तर त्यांनी धावत येऊन बटणच बंद केलं. दोरीने कोवळी साल सोलली जाते, आणि साल गोल सोलली की झाड उभ्या उभ्या वाळतं. म्हणून बुंध्याजवळचं गवत ते खाली बसून विळ्याने कापायचे.

आणि मग एका वर्षीचे गणपती आले. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कॉलनीचा मंडप पडायचा, त्याआधी रविवारी सगळ्यांचं श्रमदान. भावोजींची नेमकी त्या रविवारी पाळी होती, तर मंडळाचे कुलकर्णी ताईकडून मशीन मागून घेऊन गेले. गणपतीच्या कामाला नाही कसं म्हणायचं? वायर ताईच्याच व्हरांड्यातून सोडलेली. अर्ध्यात नायलॉनची दोरी संपली. ती इथे कुठे मिळणार! पण कुलकर्णींचं डोकं सुपीक. मंडपाचे बांबू आवळायला आणलेली बारीक तार त्यांनी दोरीच्या जागी बसवली. गवत सपासप पडू लागलं, बघायला कॉलनीतली पोरं गोल करून उभी, आणि त्याच वेळी भावोजी कामावरून आले.

मी ताईजवळ व्हरांड्यात चहा पीत होतो. भावोजी रस्त्यात थबकले, त्यांना ती तार दिसली, आणि हातातला डबा टाकून ते धावत सुटले. मशीनच्या आवाजात त्यांचं ओरडणं कोणाला ऐकू जाईना. ते पोरांच्या पुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. चष्मा नाही, काही नाही. ताईने प्लग उपटला, पण तेवढ्यात तारेचा तुकडा तुटून उडाला होता. तो त्यांच्या डाव्या भुवईत घुसला.

भुवईला टाके पडले. डोळा वाचला, पण सूज उतरेपर्यंत त्यावर पट्टी. म्हणजे भावोजी पूर्ण आंधळे. ताई त्यांना घास भरवायची आणि भांडायची. "एकच आहे, हे विसरलात?"

"खरंच विसरलो गं," ते म्हणाले. "पोरं दिसली, बाकी काही आठवलंच नाही."

ताई उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला त्या दिवशी भावोजींचा इतका अभिमान वाटला, आणि इतका रागही आला... पट्टी असेपर्यंत हा बोलका माणूस गप्प गप्प होता. मधेच विचारायचा, "उजाडलं का?" पट्टी सुटली तशी त्यांनी आधी ताईकडे पाहिलं, मग पोटभर अंगण पाहिलं, आणि म्हणाले, "शालन, माझ्यामागे हा डोळा देऊन टाक. अंधारात फार वाईट असतं गं."

भावोजी गेले त्या दिवशी मी घरात शिरलो तेव्हा पंखा बंद होता. भावोजींच्या मिटलेल्या डोळ्यावर ओल्या कापसाची घडी होती. डोळा सुकू नये म्हणून रडायच्या आधी ताईने हे केलं होतं, आणि नेत्रपेढीला फोनही. डॉक्टर आले तशी ती ओशाळल्यासारखी म्हणाली, "एकच आहे हो... चालेल ना?" डॉक्टर म्हणाले, "ज्याला एकही नाही, त्याला पुष्कळ झाला, आई."

मागच्या रविवारी व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. अंगणात गवत माजलंय, ताई कोणाला कापू देत नाही. डोळा कोणाला बसवला ते सांगायची पद्धत नाही, एवढं तिला कळलं होतं. चहा गार होत होता. कप बाजूला सारून तिने विचारलं,

"विनू, त्या माणसाच्या घरी ओरडणारं कोणी आहे ना रे?"