लग्नपत्रिकांचं मखर

आमच्या घरात लग्नपत्रिका टाकून देत नाहीत. पत्रिकेवर गणपती छापलेला असतो, त्याला कचऱ्याच्या डब्यात कसा घालायचा? म्हणून त्या टीव्हीखालच्या कप्प्यात साठत राहतात. ज्यांची लग्नं होऊन पोरं कॉलेजात गेली, त्यांच्याही आहेत.

या पत्रिकांचं काही होऊ शकतं हे मला गेल्या वर्षी कळलं. दादरला एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं, हाताने वस्तू करणाऱ्या लोकांचं. मी गेलो होतो तो बायकोच्या पिशव्या धरायला. मोडक्या छत्र्यांच्या कापडाच्या पिशव्या होत्या, फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांची कानातली होती, कुकरच्या झाकणाचं घड्याळ होतं, शिटीसकट. मी मनात म्हणत होतो, लोकांना उद्योग नाहीत. तेवढ्यात एका टेबलावरचा दिवा लागला आणि त्याच्या लाल-सोनेरी कागदी शेडवर अक्षरं उजळली : ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं.’ मी मोठ्याने हसलो. हसणं मला सहसा जमत नाही.

तो दिवा करणारी तिशीतली मुलगी माहीमला राहायची. नोकरी सोडून हेच करत होती. ओळखीपाळखीच्या घरांतून जुन्या पत्रिका गोळा करायच्या, त्यांच्या पाकळ्या, खवले, जाळ्या कापायच्या आणि त्यातून दिवे, तोरणं, मखरं उभी करायची. एकाही गणपतीला कात्री लागू देत नाही, ती म्हणाली. प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती आधी बाजूने सोडवून घेते. मखराच्या आतल्या बाजूला ते सगळे ओळीने लावलेले होते. शेकडो घरांतले गणपती आपल्या गणपतीभोवती बसलेले. मखर खाचांमध्ये खाच घालून उभं राहायचं, विसर्जनानंतर सुटं करून पुढच्या वर्षी परत लावता यायचं.

मी तिथेच मागणी नोंदवली. करायला महिना लागणार होता. तिने एकच गोष्ट सांगितली.

“दादा, दर्शनाला येणारी माणसं विचारतातच, मखर कुठलं म्हणून. तेव्हा फक्त माझं नाव सांगा. माझं सगळं त्यावरच चालतं.”

मी म्हणालो, हे काय सांगायला हवं.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं. ते गिरणीत होते. काळाचौकीच्या चाळीत आमच्या खोलीतलं मखर दर वर्षी ते स्वतः करायचे, बांबूच्या कामट्या, खोके, रंगीत कागद घेऊन. शेजारच्या चाळींतून लोक बघायला यायचे. मी मदतीला बसायचो आणि काहीतरी फाडून ठेवायचो. एकदा चारचौघांत ते हसत म्हणाले, याच्या हाताला वळणच नाही. ते विसरले असतील. मी पन्नाशी ओलांडली तरी विसरलो नाही. पुढे त्यांचे डोळे गेले, एकाने दिसत नाही, दुसऱ्याने धूसर. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो, आणि मखर बाजारातून यायला लागलं.  वडील आरतीला उभे राहायचे आणि एरवी मखराकडे पाठ करून बसायचे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मी दोन खोक्यांतून आणलेलं ते मखर हॉलमध्ये उभं केलं. तिने टेबलावर शिकवलं होतं, तसं खाच धरून, हळूहळू. ते एकदाही कोसळलं नाही. वडील खुर्चीतून उठले, चाचपडत जवळ आले, पत्रिकांची उठावाची अक्षरं बोटांनी वाचल्यासारखी करत राहिले.

“तू केलंस?”

जोडलं मीच होतं. मनाशी मी हेच म्हटलं. आणि मी “हो” म्हणालो.

“बरा केलंस हां, झिला.”

एवढंच. ते मालवणीत बोलतात ते फक्त खूप रागात किंवा खूप आनंदात. मग त्यांनी विचारलं, कसं केलंस, आणि मी सांगत गेलो. पत्रिका कशा जमवल्या, पाकळ्या कशा कापल्या, आणि एकाही गणपतीला कात्री कशी लागू दिली नाही. तिचं वाक्य मी जसंच्या तसं माझं करून टाकलं.

बायकोने स्वयंपाकघरात मला गाठलं. नारळ खोवता खोवता म्हणाली, “पुढच्या वर्षी काय करणार आहात? क्लास लावणार आहात का?” मी म्हटलं, सांगतो त्यांना, दोन दिवस जाऊ देत. त्या दोन दिवसांत वडिलांनी गावाला फोन केले, वसईच्या आत्याला केला, लिफ्टमध्ये भेटणाऱ्याला सांगितलं. दर्शनाला येणाऱ्याला तर विचारायची गरजच पडत नव्हती.

तिचाही मेसेज आला होता : मूर्ती बसल्यावरचा फोटो हवाय, कधी येऊ? मी उत्तर दिलं, बघून कळवतो. कळवलं नाही. पण गणपतीच्या घरी यायला कोणाचं बोलावणं लागत नाही. गौरीच्या दिवशी दुपारी दार उघडंच होतं, आणि ती दूर्वांची जुडी घेऊन आत आली.

वडिलांनी तिला, कोण कुठली न विचारता, शेजारी बसवलं. “बस बाळा. हे बघ. हे माझ्या मुलाने केलंय.”

ती माझ्याकडे बघायला लागली. मी प्रसादाची वाटी भरत होतो. वडील तिला मखर समजावून सांगू लागले. जाळी कशी आहे, खाच कशी बसते, कुठल्या पत्रिकेचा कागद जाड. तिचा हात धरून त्यांनी तिची बोटं आतल्या गणपतींवरून फिरवली. “एकालाही कात्री नाही. बघ. असं डोकं चालायला पाहिजे.” ती “हो आजोबा, हो आजोबा” म्हणत राहिली.

मग तिने मला विचारलं, “किती दिवस लागले, दादा?”

चेष्टेने विचारलं की मला एक संधी दिली, हे मी गेलं वर्षभर ठरवू शकलेलो नाही. तेव्हा वडिलांनी चेहरा माझ्याकडे वळवला होता. मी म्हणालो, “महिनाभर लागला.”

वडिलांना सांगितलेल्या खोट्याला मी कारणं देऊ शकतो. दिलीही आहेत स्वतःला, झोप येत नाही तेव्हा. पण जिने ते केलं होतं तिच्या तोंडावर मी तिचा महिना माझा म्हणून सांगितला. याला मला कारण सापडलेलं नाही.

तिने फोटो काढला नाही. मी लिफ्टपर्यंत गेलो. लिफ्ट खालून वर येत होती. मी म्हटलं, ते काय झालं, बाबांना ना... तिने मान वळवून विचारलं, “जिना कुठे आहे?” आणि चौदा मजले ती उतरून गेली. लिफ्ट आली, रिकामी उघडली, बंद झाली.

त्यानंतर मी तिला मेसेज लिहायचो आणि पुसायचो. पुसण्यात मी तरबेज आहे.

यंदा आषाढ संपता संपता बिल्डिंगच्या मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. मंडळाचं मखर तुमच्या मुलानेच करायचं, म्हणाले. वडिलांनी माझ्या वतीने होकार देऊन टाकला. दादरच्या त्याच हॉलमध्ये यंदाही प्रदर्शन लागलं होतं, मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. कबूल करून टाकतो, माफी मागायला नव्हतो गेलो. ती गुपचूप करून देईल का, हे विचारायला गेलो होतो. ती एका बाईंना दिव्याची शेड उघडून दाखवत होती. मी दारातूनच तिला बघितलं आणि मागे फिरलो. आपण काय मागायला निघालो होतो ते मला रस्त्यावर आल्यावर नीट दिसलं.

संध्याकाळी वडील चहा पीत असताना मी सांगितलं. सगळं, क्रमाने.  चहावर साय धरली.

“दूर्वा घेऊन आलेली, ती?”

“हो.”

“मी तिला तिचंच काम शिकवत बसलेलो.”

मला वाटलं होतं, ते माझ्या खोटेपणावर चिडतील, हाताच्या वळणावरून बोलतील. ते माझ्यापर्यंत आलेच नाहीत. आपण तिचा हात धरून बोटं कशी फिरवली होती, ते आठवत असावेत. कप खाली ठेवताना तो बशीबाहेर गेला.

“माका त्या चेडवासमोर येडो केलंस तू.”

मग त्यांनी फोन लावायला सांगितला. मी नंबर लावून दिला आणि त्यांनी हाताने मला खोलीबाहेर जायची खूण केली. आतून फक्त त्यांचा आवाज येत होता, शब्द नाही. ती काय म्हणाली ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. मंडळाला आम्ही “यंदा जमणार नाही” एवढंच कळवलं. म्हणजे तिथेही मी खरं सांगितलं नाही.

गणपतीत तेच मखर परत लागलं. ते परत लावण्यासाठीच केलेलं आहे. पहिला पाहुणा आला आणि वडिलांनी तिचं नाव सांगितलं, आडनावासकट, माहीमची म्हणून. गेल्या वर्षी तुम्ही मुलाने केलं म्हणालात ना, असं पाहुण्याने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “माझ्या ऐकण्यात चूक झाली. आता कानही गेले.” त्यांचे कान शाबूत आहेत. दुसऱ्या पाहुण्याला तेच, तिसऱ्याला तेच. मी चहाचे कप नेत-आणत होतो, आणि ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. मखराकडे बघत म्हणाले, “मंडळाला टाइम नाही, आणि घरी एकदम झकास, काय?” वडिलांनी सुरुवात केली, माझ्याच ऐकण्यात...

“बाबांनी बरोबर ऐकलं होतं,” मी म्हणालो. “मी खोटं सांगितलं होतं. हे मी केलेलं नाही.”

सेक्रेटरींनी माझ्याकडे न बघता मोदकाचा तुकडा तोंडात टाकला. मग, काहीतरी बोलायचं म्हणून असेल, त्यांनी तिचा नंबर मागितला. वडील म्हणाले, “तो देईल.” मी दिला. तो मला पाठ होता.

त्यांनी तिला फोन केला की नाही, माहीत नाही. मी अजून केलेला नाही. हे लिहून झाल्यावर करीन असं म्हणून बसलो होतो, आणि आता लिहून झालं आहे.