चौघांची बटणं

शेजारीपाजारी त्यांना विजेचं मीटर तपासणारे समजत आणि 'मीटरकाका' म्हणत. काकांनी हा गैरसमज बावीस वर्षं जपला, कारण खरं काम गुप्त ठेवायचं होतं. निवडक घरांतल्या टीव्हीला ते एक छोटी पेटी जोडत. सोबतच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाचं एक बटण. टीव्हीसमोर बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. कोण काय बघतं ते यावरून ऑफिसला कळे, आणि त्या आकड्यांवर वाहिन्यांचं सगळं गणित चाले.

काकांकडे एके काळी साठ घरं होती. आता अठरा उरली. "काका, आम्ही सगळं फोनवर बघतो हो," असं कुणी हसत म्हणालं, की आणखी एक घर गेलं असं काका समजत. अठराच्या खाली एक जरी घर गेलं तर काकांकडचा भाग बंद आणि नोकरीही, असं ऑफिसचं पत्र आलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. पत्र त्यांनी बायकोपासून लपवलं. ती स्वयंपाकघरात डब्याला फोन टेकवून मालिका बघायची. हल्ली तिकडे बघायचीही त्यांना धास्ती वाटे.

त्यातच एका निवृत्त शिक्षिकेच्या घराचा बटणांचा आठवड्याचा तक्ता आला; असे तक्ते तपासून, सही करून काकांनी ऑफिसला पाठवायचे असत. चार माणसं रोज सात ते नऊ टीव्हीसमोर, आणि एकही जागचं हलत नाही. दोन तासांत कुणालाच तहान लागू नये? खोटं बटण सापडलं की घर बाद, असा नियम होता. ऑफिसच्या नजरेत येण्याआधी आपणच गेलेलं बरं, म्हणून त्याच संध्याकाळी सातला ते तिथे पोचले.

बाई सोफ्यावर एकट्याच होत्या. मुलगा, सून, नात, तिघांच्या खोल्यांची दारं बंद, खालून निळसर उजेड.

"बाई, चौघं कुठं बसतात?"

"आहेत की. तो आत लॅपटॉपवर, ती फोनवर, पोरगी काय बघते देव जाणे. घरातच आहेत ना सगळे? मग मीच दाबते त्यांची बटणं."

"अहो, या टीव्हीसमोर बसेल त्याचंच दाबायचं. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं हो. तेव्हा बसायचे." बाईंनी रिमोट मांडीवर ठेवला. "मी एकटीच बसते, हे तुमच्या कागदावर कशाला जायला हवं?"

एक दार किलकिलं झालं. "आजी, कोण आलंय?"

"मीटरवाले."

"लाइट घालवू नका म्हणावं, वायफाय जाईल!" दार पुन्हा बंद.

काकांनी पिशवीतून घर बाद करायचा फॉर्म काढला. पेनाचं टोपण उघडलं. हे घर गेलं की सतरा. त्यांनी फॉर्म तसाच घडी करून आत सरकवला, आणि पुढचं बोलताना स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"बाई, मधूनमधून एखाद्याचं बटण बंद करत जा. माणसं पाणी प्यायला उठतात. नातीला तर दहा मिनिटांच्या वर बसवूच नका."

बाईंनी लगेच वही ओढली. "आणि मुलाला?"

"बातम्यांना बसवा. सुनेला दोनदा उठवा."

पुढच्या आठवड्याचा तक्ता बघून काका थक्क झाले. नात सात वाजून दहा मिनिटांनी उठलेली, मुलगा बातम्यांना आलेला, सून दोनदा आत जाऊन आलेली. कुठल्याही नांदत्या घराचा वाटावा असा तक्ता. जिवात जीव आला.

मग ताडून बघायला म्हणून त्यांनी बाकीचे सतरा तक्ते टेबलावर पसरले. तिथेही माणसं पाणी प्यायला उठत होती. मुलं दहा मिनिटांत कंटाळत होती. सगळं अगदी जसं असायला हवं तसं. काका एकेक घर आठवू लागले: यातल्या कुठल्या घरात टीव्हीसमोर दोन माणसं बसलेली आपण शेवटची कधी पाहिली? एकही आठवेना.

पाच वाजेपर्यंत तक्ते ऑफिसला पाठवायचे होते. काकांनी अठराही कागदांवर सही केली. सही नेहमीसारखी येत नव्हती.