एकशे बारावं वळण

आमच्या किनाऱ्यावर समुद्राला भिणारी माणसं आहेत, भुताला भिणारी तर घरटी दोन आहेत. पण सरकारी कागदाला काडीइतकंही न भिणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही सगळी भाचरं त्यांना काका म्हणतो. लोक कागद घेऊन कचेरीच्या दारातून दोनदा परत फिरतात, हे मात्र कागद हातात आला की खुलायचे. सारी नोकरी त्यांनी उपकोषागारात काढली. दुसऱ्या खात्यांची बिलं तपासायची, चूक सापडली की तांबड्या पेनानं शेरा मारायचा आणि बिल आल्या पावली परत पाठवायचं, हे त्यांचं काम. आता एवढी वर्षं जो माणूस चुका शोधण्याचा पगार घेतो, तो घरी आल्यावर काय डोळे मिटून बसणार? माझ्या लग्नाची पत्रिका त्यांना द्यायला गेले तर त्यांनी ती चष्मा लावून वाचली, मागूनपुढून पाहिली आणि मला परत दिली. म्हणाले, "तारीख आहे, वार आहे, वेळ आहे. पण 'सकाळी' लिहायचं राहिलंय. त्रुटी दूर करून फेरसादर करा." मला रडू कोसळलं. मावशी आतून ओरडली, "अवो, पोरीचं लगीन हाय, बिल न्हाय!"

जेवणाचंही तेच. श्रीवर्धनच्या बौद्धवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात मी सुट्टीत राहायला जायची तेव्हा जेवताना करमणुकीला वेगळं काही लागायचं नाही. बांगड्याचं कालवण पहिल्या घासाला तपासलं जायचं. "मीठ मंजूर. तिखट मंजूर. आमसूल जादा, खुलासा सादर करावा." मावशी शांतपणे म्हणायची, "खुलासा न्हाय. नामंजूर असंल तर ताट हिकडं द्या." मग काका मान खाली घालून सगळं कालवण संपवायचे आणि वर भात मागायचे. मावशी त्या घरातली एकच व्यक्ती, जिच्यावर त्यांचा तांबडा पेन कधी चालला नाही.

खरं सांगायचं तर त्या दोघांना एकमेकांशी बोलायला सवडच कुठे होती? ते सकाळी कचेरीत, ही दुसऱ्यांच्या वाडीत सुपारी सोलायला. संध्याकाळी ते विहारात वंदनेला आणि तिथून वाडीतल्या लोकांचे अर्ज लिहायला, ही चुलीपाशी. निवृत्त झाल्यावर दोघं मिळून कुठेतरी फिरून येऊ, असं काका दरवर्षी म्हणायचे. आणि निवृत्तीला वर्ष होत नाही तोच मावशीच्या पायांवर सूज आली. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. त्याला पर्याय नव्हता.

सरकारी विम्याचं कार्ड होतं, त्यामुळे उपचाराला पैसा पडणार नव्हता. पण कार्ड आणि मशीन यांची गाठ पडायला हवी ना! श्रीवर्धनात एका डॉक्टरांनी हौसेनं मशीन आणलं होतं, ते मावशीच्या आजारपणाआधीच बंद झालं होतं. काका जाब विचारायला गेले. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि योजनेचं दरपत्रक पुढ्यात ठेवलं. म्हणाले, "काका, एका वेळेला सरकार मला देतं तेवढंच शहरातल्या डॉक्टरला देतं. पण मला इथलं पाणी शुद्ध करून घ्यावं लागतं, मशीन चालवणारा माणूस मुंबईहून आणून ठेवावा लागतो, लाइट गेली की जनरेटर. वर्षभर पदरचं घातलं. आता तुम्हीच तपासा." काकांनी ते दरपत्रक घरी आणलं आणि तीन रात्री वाचलं. चौथ्या दिवशी मला फोन. "बाय, बेरीज बरोबर आहे, शिक्का बरोबर आहे, सही बरोबर आहे. पण ज्यानं हा दर ठरवला, तो आपल्या घाटातून कधी गेलेला नाही."

झालं! त्या दिवसापासून काकांचा मुक्काम दरपत्रकात. शेकडो आजार आणि त्यांचे दर त्यांना तोंडपाठ झाले. कुठल्या आजाराला कुठलं रुग्णालय योजनेत आहे, हेही. वाडीतलं कुणी "गुडघा दुखतोय" म्हणालं की हे तयारच. "गुडघा अलिबागला. हृदय पनवेलला. किडनी माणगावला. डोळा तेवढा इथे, तोही शिबिर लागलं तर." एका म्हाताऱ्यानं घाबरून विचारलं, "म्हंजे मी येकटा मानूस चार गावाला जाऊ?" काका म्हणाले, "दर परवडेल तिथे मशीन, आणि मशीन असेल तिथे तुमचा तो तो अवयव. मी केलेलं नाही हे." लोक हसायचे. पण कुणाच्या घरी दुखणं आलं की आधी डॉक्टरकडे न जाता काकांकडे यायचे, कारण डॉक्टर कुठे आहे ते काकांनाच ठाऊक असायचं.

आणि मंगळवार-शुक्रवार ते स्वतः मावशीला घेऊन माणगावच्या एस.टी.त. जायला अडीच तास, यायला अडीच, मध्ये चार तास मशीन. मी म्हसळ्याला शाळेत शिकवते. सकाळची त्यांची गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबते. मी थर्मासमध्ये चहा घेऊन जायची. डॉक्टरांनी मावशीला पाणी मोजूनमापून प्यायला सांगितलं होतं, त्यामुळे ती दोन घोट घ्यायची, बाकीचा कप काका. घाटात तिला मळमळायचं, म्हणून काकांच्या खिशात आमसुलांची पुडी. दर दहा वळणांनी एक आमसूल. आता दहा वळणं झाली हे कळायला मोजायला हवीत. आणि मोजायचं म्हटल्यावर काकांना कोण आवरणार! त्यांनी घरापासून माणगावपर्यंत एकशे बारा वळणं मोजली आणि अर्ज केला, की दूरच्या गावांचे दर ठरवताना किलोमीटर धरू नयेत. त्या अर्जातलं एक वाक्य मला पाठ आहे: "किलोमीटर हे गाडीचे माप आहे, रुग्णाचे माप वळण आहे."

मावशी डोळे मिटून मोजायची. तिची नेहमी एकशे अकराच भरायची. म्हसळ्याच्या अलीकडचं एक वळण तिला मान्यच नव्हतं. "पोटात ढवळलं न्हाय तर त्ये कसलं वळान?" काका म्हणायचे, "रस्ता वळतो, म्हणजे वळण." स्टँडवर मी खिडकीशी जायची तेव्हा या दोघांचं हेच चाललेलं असायचं. नाहीतर कुठल्यातरी जुन्या लग्नातलं, कुठल्यातरी सुपारीवाल्या बाईचं, पहिल्यांदा पाहायला आले तेव्हा काकांनी घातलेल्या तोकड्या पँटीचं. एकदा तर कंडक्टर मला म्हणाला, "बाई, ह्ये दोघं दवाखान्यात जातात का फिरायला?" चौतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

अर्जांवर अर्ज गेले आणि एक दिवस नवल घडलं. दरांचा फेरविचार करायला तिघांचं पथक आमच्या किनाऱ्यावर येणार, रुग्णांना प्रत्यक्ष भेटणार, असं पत्र आलं. काकांनी पत्र आधी तपासलं. त्रुटी सापडली नाही, तेव्हाच मला कळलं की आनंद किती झालाय! त्यांनी बेत आखला. पथकानं मंगळवारी माणगावहून एस.टी.नं यावं, सगळी वळणं सोसावीत, आणि मग दराबद्दल बोलावं. त्यांना दुसरं काही दाखवायचंच नव्हतं.

पण आमच्या लोकांपुढे कुणाचा बेत टिकलाय? "पावनं मुंबईचं, आन् येष्टीनं आणायचं? लोक शेण घालतील तोंडात!" सगळ्यात आधी हे म्हणाली ती मावशीच. मग गावानं गार हवेची गाडी ठरवली. घाट नकोच, म्हणून त्यांना जंगलजेटीतून, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीतून, गाडीसकट खाडी पार करून आणलं; वाऱ्यावर, बगळे बघत. एकाला तर तिथे डुलकी लागली म्हणे. रस्त्यात शहाळी. सरकारी दवाखाना दोन दिवस आधी धुऊन काढलेला. वाडीत आल्यावर रांगोळी, घावन, नारळाचा रस, सुरमईचे तुकडे आणि निघताना प्रत्येकाच्या हातात सुपारीची पिशवी. आणि मावशी! जिला आदल्या दिवशी उंबरा ओलांडवत नव्हता, ती नवी साडी नेसून, अबोलीचा गजरा माळून स्वतः वाढत होती. पाय सुजलेले दिसू नयेत म्हणून साडीच्या निऱ्या सारख्या खाली ओढत होती. पथकातल्या बाईंनी मायेनं विचारलं, "आजी, कसं वाटतं? जायला-यायला त्रास होतो का?" मावशी हसली. "न्हाय गं बाय. लय बरं हाय मला. कसला तरास? तू आनिक येक घावन घे."

मी काकांकडे पाहिलं. ते फाइल छातीशी धरून दाराशी उभे होते. फाइलमध्ये एकशे बारा वळणांचा नकाशा होता, प्रत्येकाला नंबर दिलेला. त्यांनी तोंड उघडलं, मावशीकडे पाहिलं आणि मिटलं. पाहुणे गेल्यावर मी मावशीवर चिडले. चांगलीच चिडले. ती दमून भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "दारात आल्याल्या मानसाला काय सांगू? मी मराय लागलेय, तू जेव, असं सांगू?"

महिन्यानं अहवालाची प्रत आली. लाभार्थी समाधानी, प्रवास सुखकर, दरात बदलाची आवश्यकता नाही. काकांनी त्यावर शेरा मारला नाही. ते रात्रभर ओट्यावर बसून होते आणि सकाळी त्यांनी त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात लहान अर्ज लिहिला. "सदर लाभार्थी ही माझी पत्नी आहे. ती पाहुण्यांसमोर खोटे बोलते. तरी तिचे म्हणणे ग्राह्य धरू नये आणि एकदा न कळवता मंगळवारी यावे, ही विनंती." मावशीला वाचून दाखवला तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "जनमभर लोकांच्या चुका काढल्या, माजी ही येकच घावली व्हय?"

आणि पथकातल्या त्या बाई आल्या! खरंच आल्या, एकट्या, न कळवता, मंगळवारी. मावशीच्या मागच्या बाकावर बसल्या. म्हसळ्याला मी चहा घेऊन गेले तर त्यांचा चेहरा पांढराफटक आणि गालात काकांनी दिलेलं आमसूल. काकांचा नकाशा त्यांनी मागून घेतला.

सरकारी काम आपल्या चालीनं चालतं. मावशी माघात गेली. दूरच्या गावांसाठी वाढीव दर त्यानंतर आला आणि चैत्रात श्रीवर्धनात मशीन पुन्हा सुरू झालं. डॉक्टरांनी काकांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं, चार शब्द बोलायला सांगितलं. काका उठले, मशीनकडे बघत राहिले. "मंजूर," एवढंच म्हणाले आणि बसले. तो माणूस कुठल्याही अटीशिवाय हा शब्द बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला वाटलं, आता ते घरी बसतील. पण परवाच्या मंगळवारी शाळेला जाताना स्टँडवरून गेले, तर माणगावच्या गाडीत काका. खिडकीची जागा रिकामी, हे कडेला बसलेले. मी चढले. त्यांना चोरी पकडली गेल्यासारखं झालं. म्हणाले, "मोजणी चालू आहे. एकशे बारा की एकशे अकरा, याचा निकाल राहिलाय. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाची वंदना झाली, त्या दिवशीच मनात ठरवलं होतं."

"मग? अलीकडचं ते वळण आत्ताच गेलं ना? कोण बरोबर निघालं?"

"तिथेच घोळ होतो," ते म्हणाले. "ते आलं की मी शेजारी बघतो, काहीतरी बोलायला म्हणून. आणि मोजायचं राहतं."

मी रागावले. शिक्षकी पेशाची खोड. "काका, हे काय वय आहे का घाटातून हिंडायचं? सगळा जन्म भांडलात ना दरासाठी? आणलंत ना मशीन घराजवळ? आता वाडीतली माणसं चालत जातात तिथे!"

"जातात ना," काका म्हणाले. खिशातली पुडी त्यांनी काढली, उघडली, पुन्हा मिटली. "मी घड्याळ लावून बघितलं. घरापासून सात मिनिटं. तिला कसलाच त्रास झाला नसता. त्यासाठीच तर भांडलो." कंडक्टरनं घंटी दिली, तशी मी उतरायला वळले. मागून ते हळूच म्हणाले, "पण सात मिनिटांत काय बोलणार, बाय?"

गाडी निघून गेली. मी शाळेत उशिरा पोचले. आता मंगळवारी थर्मास भरून नेते. काका एक कप घेतात, आणि मी विचारलं की सांगतात, मोजणी अजून चालू आहे.