चामडी कोच आणि सासूबाईंचं सोवळं
पिंपरीच्या कारखान्याने आम्हाला क्वार्टर दिलं, त्यात चामड्याचा एक तपकिरी कोच होता. सामान कंपनीचं, त्यामुळे तो हलवायची सोय नव्हती आणि बिघडवायची तर नव्हतीच. चामडं नाजूक. मी कोरड्या मलमलीने धूळ टिपायची. पावसाळ्यात बुरशी धरली की फडकं जेमतेम ओलं करून पुसायची, सावलीतच वाळू द्यायची आणि वरून एरंडेलाचा पुसट हात फिरवायची. हे सगळं आंघोळीआधी, कारण चामड्याला लागलेल्या हातचा स्वयंपाक सासूबाईंना चालत नसे.

सासूबाई चऱ्होलीच्या, गळ्यात तुळशीची माळ. माझी आई हयात नव्हती, म्हणून माझ्या बाळंतपणाला त्या येऊन राहिल्या होत्या. दिवस भरत आले होते. दुसरं कुणी माणूस नव्हतं. पण बाहेरच्या खोलीतून त्या भिंतीला घासून जात. गाईचं कातडं दारात मांडून बसलेत, असं शेजारणीला सांगत. मुलाला साहेब व्हायचंय, त्याला कोण काय बोलणार, हेही वर.

एक दिवस मी दवाखान्यातून परतले तर कोच अंगणात, भर उन्हात. शेजारणीला हाताशी धरून त्यांनी तो बाहेर ओढला होता, गोमूत्राने घासला होता, वर कढत पाणी ओतलं होतं. बैठक पापडासारखी ताठ झाली होती, मधोमध भेगा. शेजारणीने आणि मी तो सावलीत घेतला. मी दोनदा तेल चोळलं. तेल मुरलं, रंग काळवंडला, भेगा तशाच राहिल्या.

हे शिफ्टवरून आले, कोचाकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आई, तू चऱ्होलीलाच बरी होतीस."

 त्या म्हणाल्या, "शुद्ध करून घेतला, लेका. म्हनलं, हितं बसून नातवंड मांडीवर घ्यावं."

आणि लुगड्यांच्या घड्या घालून गाठोडं बांधू लागल्या. मी दारात उभी राहून त्यांना विचारलं.

"आत्याबाई, कळा सुरू झाल्या तर मी हाक कुणाला मारू?"

"दवाखाना हाय की तुमचा."

गाठोडं घेऊन हे त्यांच्या मागे बसपर्यंत गेले. वाटेत माफी मागितली म्हणे, त्यांनी ऐकून घेतली आणि बसमध्ये चढल्या. हे एकटेच परत आले. मी तोवर चप्पल घालून शेजारणीकडे गेले होते, जवळपास सुईण कुठे राहते ते विचारायला.