चालायची काच

काचमाम लेन्सला काच म्हणायचे आणि चष्म्याला लेन्स. "म्हजी लेन्स खंय गो?" असं ओरडत घरभर फिरणाऱ्या या माणसाने उभी हयात डिचोलीत फोटो स्टुडिओ चालवला, हे नवख्या माणसाला सांगूनही पटत नसे. बाजारात सगळे त्यांना काचमामच म्हणत. आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये एक बुटका दगडी गडगा होता. मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे हे कळल्यापासून माम रोज त्या गडग्यावर कोपर टेकून उभे राहू लागले. बोलायला विषय एकच, काच.

स्टुडिओ त्यांचा एकट्याचा नव्हता. माम कॅमेऱ्यामागे आणि मामी गिऱ्हाइकाजवळ, अशी वाटणी होती. नवरीचा पदर सारखा करणं, घाबरलेल्या म्हाताऱ्याची हनुवटी वर उचलणं, रडक्या पोराला खुळखुळा दाखवणं ही मामींची कामं. सगळं मनासारखं झालं की माम ओरडत, "हालूं नाका हां!" आणि मग गिऱ्हाइकाबरोबर मामीही जागच्या जागी थिजायच्या. त्या फोटोत नसायच्या, तरी श्वाससुद्धा रोखून धरायच्या. मामांनी "जालें" म्हटल्यावरच हात-पाय हलवायचे. आम्ही हसलो की त्या म्हणत, "संवय जाल्या गो. फोडणी करपता आसली तरी हांव हालची ना."

मग सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, स्टुडिओची पाटी उतरली आणि थोड्याच काळात मामींची आठवण जायला लागली. आधी चहात मीठ पडलं. मग शेजाऱ्यांची नावं गेली. एके सकाळी माम अंगणात कॅमेरा पुसत बसले होते, तर मामी दारातूनच म्हणाल्या, "फोटोवाल्या, तूं कोण? आमगेर कित्याक बसला?" इतक्या वर्षांच्या संसारातला नवरा पुसून गेला होता आणि फोटोवाला तेवढा उरला होता. माम त्या दिवशी गडग्यापाशी आले ते नुसते काच पुसत राहिले.

मामींचं माहेर पेडण्याचं. आजार वाढला तशी त्यांना माहेरची ओढ लागली. "म्हाका पेडण्याक वचूंक जाय," म्हणून सकाळी न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून त्या चालायला लागत. अडवलं तर ओरडत. कोणीतरी परका पुरुष हात धरतोय म्हणून बाजारात माणसं गोळा होत. तेव्हा मामांनी युक्ती काढली. त्यांनी गळ्यात कॅमेरा अडकवला आणि त्या जातील तिकडे मागोमाग निघाले. मला म्हणाले, "बायलेच्या फाटल्यान घोव धांवलो जाल्यार लोक हासतात. कॅमेरा आसल्यार कोण हासना." सुरुवातीला कॅमेरा एवढ्यासाठीच होता, लाज झाकण्यासाठी.

एकदा वाटेत मामी बसकडे निघाल्या आणि मामांच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, "हालूं नाका हां!" मामी थांबल्या. पदर सारखा केला, हनुवटी वर केली आणि खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. मामांनी जवळ जाऊन फोटो काढला, "जालें" म्हणाले, आणि मामी हसल्या. "फोटो बरो आयलो मूं?" माम म्हणाले, "एकदम बरो. चल, तुका घरा पावयतां." त्यावर त्या घाईघाईने म्हणाल्या, "हय, हय. म्हजो घोव वाट पळयत आसतलो." नवऱ्याचा हात धरून त्या नवऱ्याकडे परतल्या. हे सांगताना माम हसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

त्या दिवसापासून काच हा त्यांच्या जिवाचा प्रश्न झाला. लग्नाच्या कामाची त्यांची जुनी काच हातोड्यासारखी जड होती, ती धरायला दोन्ही हात लागत, आणि एक हात मामींसाठी मोकळा हवा होता. बरोबर दोन काचा घेऊन फिरावं तर खनिजाचे ट्रक पुन्हा सुरू झालेले. आमच्या रस्त्यावर काच बदलायची म्हणजे उघड्या टोपातल्या भातावर लाल धूळ घेण्यासारखंच. म्हणजे एकच काच, सकाळी लावली की घरी येईपर्यंत न काढायची. चालायची काच, असं नावही त्यांनी देऊन टाकलं होतं.

फोटोग्राफर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी विचारलं, रोज फिरायला एकच काच न्यायची तर कुठली न्यावी? उत्तरांचा पाऊस पडला. सगळ्यांचा प्रश्न एकच, तुम्ही कशाचे फोटो काढता? प्रवासाचे, पक्ष्यांचे की माणसांचे? मोबाइल माझ्यासमोर धरून, काय लिहू ते विचारत माम म्हणाले, "सांग बाय, कितें बरोवं हांगा? बायल म्हणून बरोवं?" मी हसायला गेले आणि मला ते जमलं नाही.

पक्ष्यांसाठी घेतलेली माझी लांबची काच मीच त्यांना दिली. काही दिवस ते खूश होते. मागून कोणी येतंय म्हणून मामी बिचकत नव्हत्या आणि मामांना दुरूनही त्यांचा चेहरा दिसत होता. मग एका सकाळी मामी स्टँडवर म्हापशाच्या बसच्या पायरीवर चढल्या. मामांना काचेतून सगळं अगदी जवळ दिसत होतं, पायरीवरचं पाऊल, दांड्याला धरलेला हात, बांगडीसुद्धा. ते जीव तोडून ओरडले, पण हाक पोचली नाही. बस निघून गेली. मामी संध्याकाळी पेडण्यात सापडल्या, माहेरचं घर पाडून जिथे नवी इमारत उठली आहे तिथल्या वाळूच्या ढिगावर बसलेल्या. पायात चप्पल नव्हती. काच परत द्यायला माम आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. "बाय, काचेंत ती इतली लागीं दिसताली. हाताक मात मेळूंक ना."

त्यांचा मुलगा दीपक मुरगाव बंदरात नोकरीला. तो त्या रात्री वास्कोहून आला आणि सकाळी अंगणात उभा राहून बोलला ते मी आमच्या पडवीतून ऐकलं. "बाबा, आनी एकदां आई अशी खंय गेली जाल्यार हांव तिका वृद्धाश्रमांत व्हरतलों. थंय दारांक कुलपां आसतात. तुमकां आतां जमना." तो वाईट मुलगा नव्हता. दिवसभर आईचा पत्ता नसताना आपण काय काय मनात आणलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मामांनी मान खाली घातली आणि हो म्हणाले.

मग मात्र ते पिसाटले. दीपक सुट्टीला आला की मामींना त्याच्यापाशी सोडून म्हापशाच्या दुकानात जाऊन काचा लावून बघायचे, मला घेऊन जायचे, मला मामी करून लांब उभं करायचे आणि ओरडायचे. सगळं दुकान बघत राहायचं. ही जड, ही दाराच्या आत, अंधारात फोटो घेत नाही, हिच्याने लांबून काढायचा मोह होतो. तो शेवटचा मुद्दा त्यांना सगळ्यात महत्त्वाचा वाटे. शेवटी त्यांनी पस्तीस एमएमची, मुठीत मावेल एवढी, झूम नसलेली काच घेतली. मी म्हटलं, "माम, हिच्यात लांबचं काहीच येणार नाही." ते म्हणाले, "तेंच जाय म्हाका. ही लायल्यार लागीं वचचेंच पडटा."

आणि ती काच चालली. माम आता मामींपासून हाकेच्या आतच असत. "हालूं नाका," क्लिक, "जालें," आणि घरी. रोज. गुडघे सुजले, ताप आला, तरी रोज. छातीत कळ येते असं मला दोनदा म्हणाले होते. मी डॉक्टरचं नाव काढलं की चिडायचे. "हांव थंय लायनींत बसल्यार हिका कोण थांबयतलो?"

पावसाळा संपल्यावरच्या एका सकाळी मी ऑफिसला निघाले, तर बाजाराच्या वळणावर गर्दी. माम रस्त्याकडेला आडवे, कॅमेरा छातीवर. कोणीतरी पाणी मारत होतं, कोणी रिक्षा बोलवत होतं. पण तोवर माम गेलेले होते. गर्दीच्या पलीकडे मामी उभ्या होत्या, पदर सारखा, हनुवटी वर, समोर नजर. लोक त्यांना ओढत होते, तुमचा माणूस पडलाय म्हणून सांगत होते, आणि त्या हलत नव्हत्या. उन्हाने डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही पुसत नव्हत्या. काय झालंय ते मला कळलं. मी जवळ गेले, त्यांचा हात धरला आणि कसंबसं म्हणाले, "मामी, जालें." त्यांनी श्वास सोडला. "बरो आयलो मूं?" मी म्हटलं, "बरो आयलो."

दीपकने आश्रमात बोलून ठेवलं होतं. तेराव्यानंतर न्यायचं ठरलं. मामींना नवरा गेल्याचं कळलंच नाही. घरात कोण रडतंय आणि का, असं त्या मलाच विचारायच्या. पण त्या दिवसांत एक गोष्ट झाली जी आधी कोणाच्याच लक्षात आली नाही. मामी पेडण्याचं नाव काढेनाशा झाल्या. सकाळी न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून त्या दारापुढच्या बलकांवच्या बाकड्यावर येऊन बसत आणि तिथेच बसून राहत. दार उघडं असे, फाटक उघडं असे, समोरून बस जात असे. बाजारातून नुसतं फिरून येऊ म्हटलं तरी उठत नसत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दीपक बॅग घेऊन बाहेर आला. "आई, चल. वचया." मामींनी त्याचा हात बाजूला केला आणि परक्या माणसाला समजावावं तसं समजावलं, "आतां न्हय रे पुता. तो फोटोवालो येतलो. तो येतना हांव हांगा नासल्यार तो म्हाका सोदीत रावतलो."

दीपकने बॅग आत नेऊन ठेवली. आता मामींवर लक्ष ठेवायची गरज उरलेली नाही, त्या कुठेच जात नाहीत.